सॅकमध्ये काय काय होतं

दिगू,

आज तुझं तेरावं आणि मी घरात बसलोय. आमच्याकडची सगळी तुझ्याकडे जेवायला गेली आहेत. आपल्या दोन घरांच्या मधे चार दारं, त्यामुळे तुझ्या अंगणातल्या पंगतीचा आवाज मला इथं नीट ऐकू येतो. "भात वाढा, इकडं भात वाढा" म्हणून कुणीतरी मघापासून ओरडतंय. मी आपणहून आलो नाही असं नाही, मला येऊ नका म्हणून सांगितलंय. कुणी सांगितलं आणि का, ते पुढं येईल. एक वाक्य ऐकायला तू नऊ वर्षं थांबलास, तर आता अजून चार पानं थांब.

आपल्या डोंगरवाल्या मंडळींनी वार्षिक अंकासाठी तुझ्यावर लेख मागितला होता, तो चार दिवसांपूर्वीच लिहून दिला. कवायतीचे मास्तर, शिस्तप्रिय, दिलदार, गडकिल्ल्यांचे वेडे, मित्रपरिवार पोरका झाला, वगैरे. तू वाचला असतास तर म्हणाला असतास, "वश्या, कोण रे हा गृहस्थ? माझी ओळख करून दिली नाहीस कधी!" तो लेख त्यांना. हा तुला.

त्या दोन सॅक पुण्याच्या जुन्या बाजारातून आणल्या त्याला आता अठरा वर्षं झाली. लढाई संपून दहा वर्षं होत आली तरी लष्कराच्या डिस्पोजलचा माल काही संपत नव्हता. रस्त्याच्या कडेला बूट, पाण्याच्या बाटल्या, तंबूच्या खुंट्या, घोंगड्या, सगळ्याचा एकच ढीग. तू त्यात खांद्यापर्यंत हात घातलास आणि एकामागून एक दोन्ही ओढून काढल्यास. जाड हिरवट खाकी कॅनव्हास, काळी पडलेली पितळी बकलं, पाठीला लोखंडी चौकट. आणि वास! रॉकेल, रबर आणि डांबरगोळ्या मिळून जे काही होईल ते. आमच्या आईनं आठ दिवस ती घरात घेऊ दिली नव्हती.

तुझ्या सॅकच्या झाकणाआड पांढऱ्या रंगानं कुणाचं तरी नाव लिहिलेलं होतं आणि मग ते खरवडून काढलेलं. तू बोट फिरवून ते वाचायचा प्रयत्न करत होतास. म्हणालास, "कुणाच्या तरी पाठीवर होती रे ही. परत आला असेल का तो?" मी म्हणालो, "तू बकल लागतंय का ते बघ आधी." माझं हे असंच. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं की मला बकलं दिसतात.

रिकामी असतानाच ती सॅक चांगली जड होती. पावसात भिजली की दुप्पट व्हायची आणि चार दिवस वाळायची नाही. चौकट कमरेला अशी घासायची की सोमवारी पार्सल ऑफिसात मी खुर्चीच्या कडेवर बसून काम करायचो. तरी आपल्याला केवढा तोरा! तळेगाव स्टेशनच्या फलाटावर आपण त्या पाठीला लावून उभे राहिलो की माझे हमाल विचारायचे, "काय मास्तर, कुठल्या आघाडीवर?" तू खाडकन सलाम ठोकायचास.

आणि भाजे गावाच्या वरची ती वाडी! पहिल्यांदा गेलो तेव्हा आपल्या पाठीवरचा तो खाकी अवतार बघून अख्खी वाडी रानात पळाली होती. एकटी भागूमावशी दारात उभी, हातात कोयता. म्हणाली, "मिल्ट्रीवालं ना तुमी? आमच्यातला कुनी बी भरती हुनार न्हाई, आदीच सांगून ठिवते." तू सॅक उतरवलीस, तिच्या अंगणात फतकल मारून बसलास आणि म्हणालास, "भरती राहू दे मावशी, मी तहानेनं मरायला टेकलोय." तिनं पाणी दिलं, मग कोरा चहा दिला. त्या दिवसापासून विसापूरला जायचं म्हणजे भागूमावशीच्या पडवीत टेकल्याशिवाय नाही, हे ठरून गेलं.

त्याच पहिल्या खेपेला तू मला पकडलंस. मी सॅकमध्ये उशी कोंबली होती. फुगलेली तर दिसते, वजन काही नाही. तांदूळ, पातेलं, दोरी, सगळं तुझ्या पाठीवर. गडावर गेल्यावर तू सगळ्यांसमोर माझ्या सॅकमधून ती उशी काढलीस, तिच्यावर डोकं ठेवून पाच मिनिटं पडलास आणि निकाल दिलास, "आजपासून याची सॅक मी भरणार, माझी हा भरेल." झालं. तेव्हापासून तोच रिवाज पडला. आदल्या दिवशी सॅक बदलायच्या, एकमेकांच्या भरायच्या, बकलं लावून परत द्यायच्या. मधे उघडायची नाही. वर पोचल्यावरच उघडायची. दुसऱ्यानं पाठीवर काय दिलंय ते निमूट वर न्यायचं.

मग त्यात खोडी शिरली, ती तुझ्यामुळेच. एकदा माझ्या सॅकमधून दोन विटा निघाल्या. पुढच्या वेळी मी तुझ्या सॅकमध्ये पार्सलच्या काट्याचं एक जुनं लोखंडी वजन घातलं. वर पोचलं, सॅक उघडली, तळाशी हात गेला की जे तोंड व्हायचं ते बघायला बाकीचे कडं करून बसायचे. आणि ज्यानं घातलं त्यानं ते खाली न्यायचं, हा तुझा कायदा. "चढताना ज्याच्या पाठीवर असेल त्याच्या, उतरताना घालणाऱ्याच्या." सात वर्षं आपण हा कायदा पाळला. मी तर देवाधर्माचंही इतकं कधी काही पाळलं नाही.

तू माझ्यासाठी काय केलंस ते मी विसरलोय असं समजू नकोस. राजमाचीला माझ्या अंगात ताप भरला होता तेव्हा तू एक सॅक पाठीला आणि एक पोटाला बांधून, माझ्या बगलेत हात घालून, लोणावळ्यापर्यंत मला चालवत आणलंस. वाटेत सारखा विचारत होतास, "वश्या, उशी हवी का उशी?" स्टेशनात पोचल्यावर तू बाकावर बसलास तेव्हा तुझे दोन्ही खांदे सोलून निघाले होते. मी तुला कधी धन्यवाद दिले नाहीत. आपल्यात कुठं होती तसली पद्धत? आता देतो. घे.

पण आज मी गोड बोलायला बसलेलो नाही.

त्या मार्गशीर्षातल्या रविवारच्या आधीच्या खेपेला तू माझ्या सॅकमध्ये शाळेतला गोळाफेकीचा गोळा घातला होतास. तुंगच्या माथ्यावर मी तो बाहेर काढला आणि तू हसून हसून गवतात आडवा झालास. बाकीचे टाळ्या पिटत होते. मी पण हसलो, पण मनात म्हटलं, थांब बेट्या. आमच्या न्हाणीघरामागं आईचा जुना वरवंटा पडून होता. एका टोकाचा टवका उडाला म्हणून तिनं नवा घेतला होता. मी तो ऑफिसात नेला आणि पार्सलच्या काट्यावर ठेवून बघितला. पावणेपाच किलो. तोलून मापून घातला, दिगू, सरकारी काट्यावर तोलून. टॉवेलात गुंडाळला, तळाशी ठेवला, वर तांदूळ.

त्याच आठवड्यात वहिनींनी तुझ्या सॅकचा डावा पट्टा शिवून दिला होता. तो मुळाशी उसवला होता. मेण लावलेला दुहेरी दोरा, जाड सुई, अंगठ्याला चिंधी बांधून त्या दुपारभर बसल्या होत्या. कमलवहिनींचा टाका म्हणजे आळीत शेवटचा शब्द. आमच्याकडची झंपरं, पोरांचे शाळेचे गणवेश, लग्नातले पडदे, सगळं त्यांच्या मशीनवर. सॅक मला भरायला देताना त्या म्हणाल्या होत्या, "भावोजी, आता हत्ती घाला हिच्यात." मी हसलो होतो.

त्या रविवारी आपण दोघंच होतो. भागूमावशीकडे चहा झाला. वाडीच्या वरच्या घळीत शिरलो. मी पुढं, तू मागं. ते धोंडे तुला माहीत आहेत, हात टेकल्याशिवाय चढता येत नाही. मागं एकदम फाटल्याचा आवाज झाला, मग तू ओरडलास. वळून बघतो तर सॅक एका खांद्यावरून लोंबतेय, झाकण उघडं, आणि तू दोन धोंड्यांच्या मधे, उजवा पाय भलत्याच बाजूला. गुडघ्याची वाटी फुटली होती. ते मात्र इस्पितळात कळलं. मला त्या क्षणी एवढंच कळलं की हे माझ्यामुळं झालं.

वाडीतल्या दोघांनी घोंगडीची झोळी करून तुला मावशीच्या पडवीत आणलं. मी बैलगाडी सांगायला भाज्याला धावत सुटलो. गाडी, मग मळवली स्टेशन, मग पुण्याची पॅसेंजर. तू दात आवळून पडलेला. इस्पितळात तुला आत नेल्यावर मी पहिलं काम काय केलं सांगू? सॅक उघडून तळाशी हात घातला. वरवंटा नव्हता. टॉवेलही नव्हता. झाकण उघडं होतं, म्हणजे घळीत पडला असणार. पुढच्या रविवारी मी एकटा जाऊन ती घळ पालथी घातली, वाडीला वळसा घालून, मावशीला टाळून. मिळाला नाही. सुटलो असं वाटलं. खोटं कशाला बोलू, अगदी असंच वाटलं.

पण त्याआधी, त्या पहिल्या संध्याकाळीच, मी नको ते करून बसलो होतो. वहिनी धापा टाकत आल्या, हातात डबा. "काय झालं हो भावोजी? कसं झालं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पट्ट्याची शिलाई सुटली, वहिनी."

मी काही बघितलं नव्हतं. पट्टा कुठं तुटला ते बघायचं मला सुचलंसुद्धा नव्हतं. पण कुणीतरी काहीतरी विचारल्यावर उत्तर द्यावं लागतं, आणि मी ते दिलं. त्यांनी डबा खाली ठेवला आणि आपल्या हातांकडे बघत राहिल्या. कॉटवरून तू म्हणालास, "शिलाई नाही. कॅनव्हास फाटला." मी म्हणालो, "अरे, मी बघितलंय ना." तू माझ्याकडे बघितलंस आणि डोळे मिटलेस. मला वाटलं, कळ आली.

त्यापुढं नऊ वर्षं आपण हाच वाद घातला. तुझा गुडघा वाकेना. कवायत गेली, शाळेनं तुझ्या हातात पुस्तकांच्या कपाटांच्या किल्ल्या दिल्या. तू काठी टेकत ग्रंथालयात बसायचास आणि खिडकीतून दुसरा मास्तर पोरांना पळवताना बघायचास. संध्याकाळी मी यायचो, तुझ्या ओट्यावर चहा. आणि कुठूनही सुरुवात झाली तरी गाडी तिथंच. तू म्हणायचास कॅनव्हास, मी म्हणायचो शिलाई. तू म्हणायचास, डिस्पोजलचा माल, वीस वर्षांचा जुना, ऊन-पाऊस खाल्लेला, कुजलेला. मी म्हणायचो, लढाईत टिकला तो आपल्या तांदळानं फाटेल होय? आत वहिनींची भांड्यांची आदळआपट थांबायची. मला ते ऐकू यायचं. तरी मी बोलायचो. कॅनव्हास म्हटलं की पुढचा प्रश्न यायचा, एवढं वजन कसलं होतं? शिलाई म्हटलं की कसलाच प्रश्न नाही.

वहिनींनी शिवण सोडलं. आधी बाहेरचं, मग घरचंही. मशीन कान्हे गावी बहिणीकडे पाठवून दिलं. तुझ्या सदऱ्याचं बटण तुटलं तर समोरच्या काकूंकडे न्यायच्या. "डोळ्यांना दिसत नाही आता," म्हणायच्या. चाळीशी नव्हती उलटली त्यांची. गेल्या दुष्काळात रेशनवरची ती लाल मिलो ज्वारी निवडताना मी बघितलंय त्यांना, एकेक खडा टिपत होत्या. डोळे चांगले होते.

आणि तू! दरवर्षी मार्गशीर्ष आला की एकदा तरी विचारायचास. अगदी सहज, चहाचा कप खाली ठेवता ठेवता. "काय रे वश्या, त्या दिवशी माझ्या सॅकमध्ये काय काय होतं?"

मी सांगायचो, "तांदूळ, डाळ, पातेलं, दोरी, रॉकेलची बाटली, चादर."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

मग तू "बरं" म्हणायचास आणि दुसरं काहीतरी काढायचास. मला वाटायचं, म्हातारा होत चाललाय, तेच तेच विचारतोय.

दहाव्याला नदीवरून परत आलो तेव्हा वहिनींनी माळ्यावरून सॅक काढून माझ्यासमोर ठेवली. जुन्या सुतळीनं बांधलेली, वर नऊ वर्षांची धूळ. "हे सांगून ठेवलं होतं त्यांनी. माझ्यामागं ही वश्याला दे, आणि त्याला म्हणावं एकदा भागूमावशीकडे जाऊन ये. तिला कळवायला हवं." मला वाटलं, म्हातारीला निरोप पोचवायचा, एवढंच. नऊ वर्षं मी ती वाट टाळली होती. पण आता नाही कसं म्हणणार? दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं मळवलीला उतरलो. फाटकी सॅक उजव्या पट्ट्यावर अडकवली होती. का नेली कुणास ठाऊक. तिच्याशिवाय त्या वाडीत पाय टाकायला कसंतरी वाटलं.

मावशी थकलीय. पाठ वाकलीय, पण जीभ तीच. तू गेलास म्हटल्यावर तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "लई चांगला मानूस. बसा, चटनी-भाकर खाऊन जावा." आत अंधारात ती पाट्यावर मिरची वाटायला बसली. मी दारातून बघत होतो. वरवंट्याच्या एका टोकाचा टवका उडालेला होता.

मी म्हणालो, "मावशी, हा वरवंटा..."

ती थांबली. "मागताय का?"

"कुठला हा?"

"तसं न्हाई. मागताय का, सांगा."

"मागतोय."

तिनं हात पुसले. "मंग घ्या. मास्तर म्हनलंतं, ज्येचा हाय त्यो मागाया यील. मागितल्याबिगार कुनाला दिऊ नगंस, आन् तवर तूच वाट ह्याच्यावर. लय वर्सं लावली तुमी, दादा."

मग सगळं निघालं. तू पडवीत झोळीत पडला होतास, मी गाडीसाठी भाज्याला गेलो होतो, तेव्हा तू तिच्याकडून सॅकमधला वरवंटा टॉवेलासकट काढून घेतलास आणि तिच्याकडे ठेवायला दिलास. एवढंच असतं तरी मी समजलो असतो. पण ती पुढं म्हणाली, "पडायच्या आदीच म्हाईत हुतं की त्यान्ला. चा पितानाच. तुमी झऱ्यावर पान्याला गेलता. पाठीला कायतरी रुततंय म्हनून त्यांनी झाकान काडलं, आन् हसाया लागलं. मी म्हनलं, आवं मास्तर, ठिवा की हितंच, जाताना न्या. तर म्हनलं, न्हाई मावशी. त्येनं भरलंय, मी वर न्हेनार. वर गेल्यावर त्येचं तोंड बघायचंय मला."

अरे गाढवा! काढून ठेवायचा होतास! कोण बघत होतं? माझा खोडसाळपणा एवढा मोठा होता का, की तू त्याच्यासाठी आपला गुडघा द्यावास? कसला कायदा आणि कसला रिवाज? दोन मोठी माणसं विटा घालतात, गोळे घालतात, त्याला काय धर्म म्हणतात? मी तिथं मावशीच्या ओट्यावर बसून तुला शिव्या घातल्या, मोठ्यानं. ती बिचारी घाबरून गेली. "आवं, मेलेल्या मानसाला असं बोलू न्हाई," म्हणाली.

पडायच्या आधीचं एक वेळ सोडून देतो. पण नंतर? नऊ वर्षं? तू ओट्यावर बसून मला विचारत राहिलास, आणि आत ती बाई ऐकत राहिली. तू कॅनव्हास कॅनव्हास म्हणत राहिलास, तिला वाटत राहिलं, नवरा समजूत घालतोय. एकदा ती सॅक माळ्यावरून काढून दाखवायची होतीस तिला! सांगायचं होतंस, वश्यानं धोंडा घातला होता. मी तुझा मित्र म्हणून मला वाचवलंस म्हणतोस? नाही. तुला ते माझ्याच तोंडून हवं होतं. हट्टी लेकाचा! तू माझी वाट बघत बसलास, मी तू विसरशील म्हणून वाट बघत बसलो, आणि आपल्या दोघांच्या मधे तिचं शिवण गेलं. मी खोटा, मान्य. तू काय होतास ते तूच ठरव.

वरवंटा सॅकमध्ये घातला आणि उतरलो. घालणाऱ्यानं खाली न्यायचा होता. नऊ वर्षं उशीर झाला, पण नेला. भाज्यापर्यंत येता येता एक पट्टा खांद्यात रुतला, गुडघे बोलायला लागले. तुझी आठवण येऊन मी मधेच एका दगडावर बसून रडलो. हेही सांगून टाकतो, नाहीतर म्हणशील वश्याला फक्त बकलं दिसतात.

काल दुपारी वहिनींकडे गेलो. त्या एकट्या होत्या, तांदूळ निवडत. मी सॅक समोर ठेवली, वरवंटा काढून त्यांच्यापुढं ठेवला आणि सगळं सांगितलं. काटा, टॉवेल, घळ, आणि ते इस्पितळातलं वाक्य. मी मान वर केली नाही.  मग त्यांनी सॅक ओढून मांडीवर घेतली आणि डावा पट्टा उलटा केला.

"बघा," म्हणाल्या.

टाका जागेवर होता. दुहेरी दोरा, एकही वीण सैल नाही. त्याच्या बोटभर वरती कॅनव्हास आडवा फाटला होता, चिंध्या लोंबत होत्या. नऊ वर्षं ती सॅक त्यांच्या डोक्यावर माळ्यात होती. त्यांनी कधी काढून बघितली नाही. आपल्या हातानं नवऱ्याचा पाय मोडला हे पुन्हा कोण बघायला जाईल? त्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, परत मागं. रडल्या नाहीत.

मग विचारलं, "ह्यांना माहीत होतं?"

दिगू, मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोललो. बहुतेक स्वतःला वाचवायला. हे एक तुला वाचवायला बोललो. कारण 'हो' म्हटलं असतं तर त्या बाईचा नवरा दुसऱ्यांदा गेला असता, आणि या वेळेला परत आठवायलासुद्धा काही उरलं नसतं. मी म्हणालो, "नाही. त्याला काही माहीत नव्हतं. वरवंटा मावशीला घळीत सापडला होता. तो पहिल्यापासून कॅनव्हासच म्हणत होता ना."

"म्हणत होते खरं," त्या म्हणाल्या. "मीच विश्वास ठेवला नाही." मग माझ्याकडे सरळ बघितलं. "म्हणजे एकट्या तुम्हालाच माहीत होतं."

"हो."

"उद्या येऊ नका भावोजी. घरच्यांना पाठवा. तुम्ही येऊ नका."

मी उठलो. सॅक आणि वरवंटा तिथंच राहिला. वरवंटा का ठेवून घेतला, विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तर असं हे ओझं आहे. तुला माहीत होतं, हे तू माझ्या पाठीवर भरून गेलास, आणि बकलं लावून गेलास. हे मी मधे उघडणार नाही. वर आलो की तिथं उघडेन, आणि तेव्हा तुझं तोंड बघेन. हे खाली न्यायला तूच लागशील, कायदा तुझाच आहे.

पंगत उठली वाटतं. आमच्याकडची परत येतायत. सूनबाई बाहेर ओट्यावर कुणाला तरी सांगतेय, वहिनींनी म्हणे कान्ह्याहून मशीन परत मागवलंय, उद्या भाचा घेऊन येणार आहे. बरं झालं.

आता विचार, दिगू. चहाचा कप खाली ठेव आणि विचार, नेहमीसारखं.

तांदूळ, डाळ, पातेलं, दोरी, रॉकेलची बाटली, चादर. आणि तळाशी, टॉवेलात गुंडाळलेला, आमच्या आईचा वरवंटा. मी घातला होता.

बस. एवढंच.